जुन्या हार्ड डिस्कमधला सह्याद्री : वाचकांचे प्रश्न

दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेली किल्ल्यांची, घाटांची आणि पठारांची छायाचित्रे आता उघडली की त्यांवर त्या वेळी केलेले संस्करण (संगणकावरचे फेरफार) खटकते आणि दरम्यानच्या काळात हात बसल्यामुळे ती नव्याने करून पाहावीत असे वाटते, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे तिचे एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : २००८ ते २०११ या काळात राजगड, तोरणा आणि नाणेघाट परिसरात काढलेली माझी छायाचित्रे रॉ आणि जेपेग अशा दोन्ही स्वरूपांत आहेत. तेव्हा लाइटरूम या ॲडोबीच्या प्रणालीत केलेले संस्करण आता भडक वाटते. सुधारणा तयार जेपेगवर करावी की रॉ फाइलपासून पुन्हा सुरुवात करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, हाताशी असताना जेपेगला हात लावण्याचे काहीच कारण नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. त्या काळच्या हौशी डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या ४०९६ होत्या आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. त्याशिवाय जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचा समतोल), कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग कायमचे मुरलेले असते, तर रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ एक नोंद असते आणि ती केव्हाही बदलता येते.

आपल्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ साली आली आणि २०१२ साली चौथ्या आवृत्तीबरोबर तिची प्रतिमा घडवण्याची प्रक्रियाच बदलली. रिकव्हरी, फिल लाइट आणि ब्राइटनेस हे जुने स्लायडर गेले व हायलाइट्स, शॅडोज आणि व्हाइट्स हे आले. त्याआधी संस्करण केलेली छायाचित्रे, आपण स्वतः बदल करेपर्यंत, जुन्याच प्रक्रियेने दाखवली जातात. कॅलिब्रेशन पॅनेलमध्ये ती कोणती आहे हे दिसते. बदल करण्याआधी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलची वेगळ्या संस्करणाची प्रत) काढावी, जुने रूप तिच्याकडे तसेच राहू द्यावे आणि नव्या कामासाठी सर्व स्लायडर शून्यावर आणून सुरुवात करावी. जुने आकडे नव्या प्रक्रियेत रूपांतरित करून त्यांत थोडाफार फरक करत बसण्याने काम वाढते आणि जुनी चूक नव्या कपड्यांत परत येते. कॅमेरा प्रोफाइलही पाहून घ्यावे, कारण २०१८ पूर्वीच्या छायाचित्रांना बहुधा ॲडोबी स्टँडर्ड हे प्रोफाइल लागलेले असते आणि त्यानंतर आलेले ॲडोबी कलर किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या शैलीची प्रोफाइले लावल्यावर पुढचे निम्मे काम अनेकदा करावेच लागत नाही.

शून्यावर आणलेले छायाचित्र काही वेळ तसेच पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. प्रकाश कोणत्या बाजूने येत होता, सर्वांत उजळ जागा कोणती, सावलीत काय होते आणि ते दिसणे खरोखर आवश्यक आहे काय, हे प्रश्न सुटल्याशिवाय स्लायडर हलवू नयेत. त्या काळी आपण सर्वांनीच सावली दिसली की ती उचलायची असा परिपाठ पाडून घेतला होता. रॉ फाइलमधील पायऱ्यांची वाटणी मात्र समान नसते. १२ बिटच्या फाइलमधल्या ४०९६ पायऱ्यांपैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा) मिळतात, त्याखालच्याला १०२४, आणि असे निम्मे निम्मे होत पाचव्या स्टॉपपर्यंत केवळ १२८ उरतात. म्हणून गडाच्या तटाखालची काळी दरी दोन-तीन स्टॉप उचलली की तेथे दगड दिसण्याऐवजी रंगीत कण आणि काही कॅमेऱ्यांत आडव्या-उभ्या रेघा दिसू लागतात. २०२३ साली आलेले कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित डिनॉइज हे कण पुष्कळ आवरते आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलींना त्याचा फायदा नव्यांहून अधिक होतो. परंतु कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील तेही निर्माण करू शकत नाही, आणि केल्यासारखे दिसले तर तो तपशील त्या दगडाचा नसतो.

नव्या साधनांत आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते मास्किंग, म्हणजे छायाचित्राचा ठरावीक भाग निवडून तेवढ्यालाच बदल लावणे. २०२१ च्या अखेरीस आकाश आणि मुख्य विषय आपोआप निवडण्याची सोय आली, त्याआधी आपण ग्रॅज्युएटेड फिल्टर सरळ रेषेत ओढत असू आणि बालेकिल्ल्याचा माथाही आकाशाबरोबर काळवंडत असे. आपल्या जुन्या संस्करणात असा काळवंडलेला माथा जवळजवळ नक्कीच सापडेल. तो दुरुस्त करण्यासाठी संपूर्ण छायाचित्रावर लावलेले मोठे आकडे कमी करून तेच काम तीन-चार लहान मास्कमध्ये वाटून द्यावे. त्यानंतर लेन्स प्रोफाइल लावावे, कारण कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स १८ मिलिमीटरवर क्षितिज फुगवते. शेवटी सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढावेत. लेन्सचे छिद्र लहान ठेवून, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ वर, काढलेल्या आकाशात ते हमखास असतात.

राहिला भडकपणा. त्याचे एक कारण तेव्हाचा पडदाही असू शकेल. त्या काळच्या अनेक लॅपटॉपचे पडदे रंगांना फिके होते आणि तिरके पाहिले की आणखी फिके होत, त्यामुळे रंग वाढवण्याकडे हात आपोआप जाई. आता काम करण्याआधी पडदा कॅलिब्रेट करून घ्यावा. ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि सुमारे १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकी उजळी हे सर्वसाधारण मानक आहे. ते न करता केलेले संस्करण पुन्हा दहा वर्षांनी भडकच वाटेल.

प्रश्न : पावसाळ्यातील माझ्या सर्व छायाचित्रांत हिरवा रंग प्लास्टिकसारखा दिसतो. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी केले तर सगळेच मेलेले वाटते. यातून मार्ग काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ज्याला हिरवळ म्हणतो तिचा बराचसा भाग संस्करणाच्या साधनांत हिरव्या स्लायडरखाली न येता पिवळ्याखाली येतो. त्यामुळे हिरवा कितीही कमी केला तरी गवत तसेच चमकत राहते, आणि पूर्ण छायाचित्राचे सॅच्युरेशन उतरवले तर कातळ, आकाश व माणसांचे कपडे सगळेच त्याबरोबर उतरतात. प्रथम पिवळ्याचे सॅच्युरेशन थोडे कमी करावे आणि त्याची ल्युमिनन्सही (उजळी) किंचित खाली आणावी; मग हिरव्याकडे वळावे. पिवळ्याचा ह्यू (रंगछटा) हिरव्याच्या दिशेने ओढण्याची त्या काळी फार चाल होती आणि प्लास्टिकचा भास मुख्यतः त्यातूनच येतो. तो स्लायडर शून्यावर आणताच निम्मी तक्रार मिटेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सह्याद्रीत पावसाळ्याचा हिरवा एक नाही. जूनच्या अखेरीस उगवलेले गवत पिवळसर पोपटी असते, भाताच्या तरव्यांचा रंग त्याहूनही उजळ असतो, ऑगस्टमध्ये रान गडद आणि निळसर होते आणि सप्टेंबर सरता सरता माथ्यावरचे गवत तांबूस पडू लागते. फाइलमध्ये छायाचित्राची तारीख नोंदलेली असते. ती पाहून मगच कोणता हिरवा योग्य हे ठरवावे. जूनमधल्या नाणेघाटाला ऑगस्टचा रंग दिला की तंत्रदृष्ट्या काही चुकलेले नसूनही चित्र खोटे वाटते, आणि त्या वाटेने चाललेल्या माणसाला ते ताबडतोब कळते.

व्हाइट बॅलन्ससाठी ओल्या कातळाचा आधार घ्यावा. आपला बेसाल्ट ओला झाला की जवळजवळ काळा दिसतो आणि ढगाळ आकाशाची थोडी निळी झाक त्याच्यावर येते. ही झाक जांभळी झालेली असेल तर टिंट (हिरव्या-जांभळ्याचा समतोल) चुकला आहे किंवा सॅच्युरेशन जास्त झाले आहे असे समजावे. ढगांखाली काढलेल्या छायाचित्रांचे तापमान ६५०० ते ७५०० केल्व्हिनच्या दरम्यान बसते, परंतु हा आकडा सुरुवातीपुरता धरावा. दाट धुक्यात थोडा थंडपणा राहू दिला तर हवेतला ओलावा जाणवतो.

कासच्या पठारावरील छायाचित्रे असतील तर वर सांगितलेला पिवळ्याचा उपाय जपून करावा, नाहीतर गवताबरोबर सोनकीही फिकी पडेल. तेथे फुलांचा पट्टा वेगळ्या मास्कमध्ये घ्यावा. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग जुन्या सेन्सरवर अनेकदा नुसता निळा उमटतो, त्याला ह्यूचा हलका स्पर्श पुरतो. तेरड्याच्या गुलाबी रंगाला मात्र काहीही करू नये, कारण तो वाढवला की पाकळ्यांतील सर्व रेषा बुजून जातात. आणि एक गोष्ट संस्करणाने होत नाही हे आधीच मान्य करावे: ओल्या पानांवरची पांढरी चमक. ती छायाचित्र घेताना पोलरायझर (चमक अडवणारा फिल्टर) लावूनच कमी होते. ती जागा थोडी गडद करून फार तर लक्ष तेथून हटवता येते.

प्रश्न : एप्रिलमध्ये राजगडावरून तोरण्याच्या दिशेने काढलेल्या छायाचित्रात सगळे धुरकट आहे. डीहेझ पूर्ण वाढवले तर आकाश डागाळते. कसे करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डीहेझ हे धुरकटपणा कमी करणारे साधन लाइटरूममध्ये २०१५ साली आले आणि त्यानंतर काही वर्षे निसर्गछायाचित्रांतून अंतर नाहीसे झाले. डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिक्या होत जातात म्हणूनच त्या दूर वाटतात; तोरणा पुढच्या सोंडेइतकाच काळा आणि रेखीव केला तर तो हाताच्या अंतरावर येऊन बसतो. डीहेझ मास्कमध्ये घेऊन मधल्या रांगांपुरते थोडे वापरावे, सर्वांत मागच्या रांगेला ते अजिबात लावू नये आणि आकाश वजा करावे. आकाशातले डाग हे त्या साधनाने मोठे केलेले कण आणि सेन्सरवरची धूळ असते, म्हणून डिनॉइज आणि डाग काढणे त्याच्या आधी झालेले असावे.

धुरकटपणा निळ्या प्रकाशात सर्वाधिक आणि तांबड्यात सर्वांत कमी असतो. त्यामुळे कृष्णधवल रूपांतर करून तांबड्या व नारिंगी रंगांचे प्रमाण वाढवले आणि निळ्याचे कमी केले तर तोरण्याच्या माच्या आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्ट होतात. असे एक रूप करून पाहावे. रंगीतच हवे असेल तर एप्रिलमधले धूळ आणि वणव्यांच्या धुराचे वातावरण कितीही कौशल्य वापरले तरी ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेसारखे होणार नाही, आणि आमच्या मते तसे करूही नये.

प्रश्न : माझ्याकडे मूळ रॉ फाइली राहिल्या नाहीत, केवळ कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग आहेत. नव्या कौशल्याचा त्यांना काही उपयोग होईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : होईल, पण मर्यादेत. फाइल फोटोशॉपमध्ये उघडून प्रथम १६ बिटमध्ये न्यावी आणि काम चालू असेतो टिफ किंवा पीएसडी स्वरूपातच जपावी. दर वेळी जेपेग म्हणून जतन केल्यास प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो. १६ बिटमध्ये नेल्याने हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, परंतु पुढच्या प्रत्येक बदलात होणारी नवी तूटफूट टळते. आकाशाचे उतार हे जेपेगचे सर्वांत दुबळे अंग आहे. तेथे कॉन्ट्रास्ट वाढवला की पट्टे पडतात. पडलेच तर अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) मिसळल्याने ते नजरेआड होतात. पांढरे झालेले ढग सोडून द्यावेत. क्षितिज सरळ करणे, धुळीचे डाग काढणे, चौकट नव्याने कापणे आणि एका भागाची उजळी दुसऱ्याच्या तुलनेत थोडी बदलणे एवढ्यावर समाधान मानले तर निकाल चांगला येतो, आणि खरे पाहता अनेक जुन्या छायाचित्रांना चौकट कापण्याचीच गरज सर्वाधिक असते.

प्रश्न : २०१० च्या सुमारास एचडीआर (वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे जोडून एक करणे) करण्याची मोठी हौस होती. प्रत्येक जागेची तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे अजून आहेत. ती पुन्हा जोडावीत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जोडावीत, परंतु तिन्ही लागतातच असे धरून चालू नये. आधी मधली फाइल घेऊन हायलाइट्स उतरवून पाहावेत. ढगांत तपशील मिळत असेल तर ती एक फाइल पुरे. मिळत नसेल तर लाइटरूममधील मर्ज वापरावे. २०१५ मध्ये आलेली ही सोय तिन्ही फाइली जोडून रॉसारखी वागणारी एकच डीएनजी फाइल देते आणि तिच्यावर टोन मॅपिंगचा (उजेड-सावलीतला मोठा फरक दाबून बसवण्याचा) कोणताही ठसा नसतो. जुन्या एचडीआरमध्ये डोंगराच्या कडेने जी पांढरी झळाळी दिसते आणि ढग मळके होतात ते टोन मॅपिंगमुळे. ते तयार जेपेगमधून काढता येत नाही, त्यामुळे ती जेपेग बाजूलाच ठेवावी. वाऱ्याने हललेले गवत आणि सरकलेले ढग यांसाठी डीघोस्ट (हललेल्या वस्तूंच्या दुहेरी प्रतिमा, म्हणजे भुते, काढणारी सोय) मध्यम ठेवावे. तरीही भूत राहिलेच तर त्या भागापुरती एका फाइलमधून प्रत घेऊन वर ठेवावी.

जोडलेल्या फाइलमध्ये सर्व काही दिसू लागते, आणि जुनी सवय तेथेच पुन्हा डोके वर काढते. सूर्य समोर असताना कड्याची आपल्याकडची बाजू काळीच दिसते. ती तशी राहू द्यावी.

प्रश्न : वडिलांनी काढलेल्या कोकणकिनाऱ्याच्या स्लाइड आणि निगेटिव्ह आमच्याकडे आहेत. काहींवर बुरशीची जाळी आहे, काही तांबूस झाल्या आहेत. त्या डिजिटल करून सुधारता येतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रथम एक सावधगिरी. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने कदापि धुऊ नये. बुरशी फिल्मवरच्या जिलेटिनवर वाढते आणि तसे जिलेटिन पाण्यात विरघळू शकते. त्याबरोबर चित्रही जाते. सैल धूळ हवेच्या फुग्याने उडवावी आणि आवश्यकता असेल तर फिल्म स्वच्छ करण्याचे खास द्रव मऊ कापडाने अगदी हलक्या हाताने वापरावे. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढत राहते, आणि किनारपट्टीवर पावसाळाभर ती त्याहून अधिकच असते. म्हणून स्कॅन होईपर्यंत सगळा संच सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे.

फिल्म स्कॅनर नसेल तर मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड आणि चांगल्या रंगदर्शकतेचे एलईडी पॅनेल वापरून कॅमेऱ्यानेच रॉमध्ये छायाचित्र घ्यावे. हौशी कामासाठी हे पुरेसे आणि वेगवान आहे. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक घालवण्यासाठी फिल्मच्या कोऱ्या कडेवर व्हाइट बॅलन्स घ्यावा आणि मग टोन कर्व्ह उलटा करावा. डार्कटेबल या मोफत प्रणालीत त्यासाठी निगाडॉक्टर नावाचे वेगळे मॉड्यूल आहे आणि ते हातांनी केलेल्या कर्व्हपेक्षा बरे काम करते. स्कॅनर वापरणार असाल तर इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखण्याची सोय रंगीत निगेटिव्ह आणि नेहमीच्या स्लाइडसाठी उपयोगी पडते; चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ती बंद ठेवावी, कारण चांदीचे कणही इन्फ्रारेड अडवतात आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. कोडाक्रोम स्लाइडही त्या सोयीला नीट मानवत नाहीत.

तांबूसपणाचे कारण असे की जुन्या फिल्ममधील निळसर रंगद्रव्य अंधारातही इतरांच्या आधी उडते. ते संपूर्ण चित्रावर सारखे उडालेले असल्याने तिन्ही रंगांचे लेव्हल्स वेगवेगळे ताणले की पुष्कळ रंग परत येतो. समुद्राच्या निळ्यावर भर देऊन रंग जुळवू नयेत, तो दर तासाला बदलतो. पांढरी वाळू, होडीचे शीड किंवा चुन्याची भिंत सापडली तर तेथून सुरुवात करावी. बुरशीची जाळी आकाशात हीलिंग ब्रशने सहज निघते. माडांच्या झावळ्यांवरची काढत बसलात तर आठवडे जातील. तेथे ती राहिली तरी चालते.

एक विनंती आहे. सुधारलेल्या फाइलीबरोबर न सुधारलेला स्कॅनही तसाच जपून ठेवावा, आणि स्लाइडच्या पुठ्ठ्यावर वडिलांनी काही लिहिले असेल तर त्याचेही छायाचित्र घ्यावे. फाइलवर स्कॅनची तारीख चढते. गावाचे नाव आणि साल मेटाडेटामध्ये स्वतः भरावे लागते.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावरील कोकणकड्याचे माझे जुने छायाचित्र उत्तम आहे, पण आकाश नुसते पांढरे आहे. आता एका क्लिकमध्ये सूर्यास्ताचे आकाश बसवता येते. तसे करणे चूक आहे का? नाहीतरी मोठमोठे छायाचित्रकारही डार्करूममध्ये बदल करतच होते.
— एक वाचक, ठाणे. याच आशयाची पत्रे मुंबई आणि अमेरिकेतूनही

उत्तर : फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोय २०२० पासून आहे आणि ती खरोखर सफाईने काम करते, म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी प्रकाशाचा विचार करू. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी त्याचा अंतर्वक्र चेहरा सावलीत असतो आणि संध्याकाळी मावळतीचा प्रकाश थेट त्याच्यावर पडतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रात कडा सपाट, निळसर सावलीत आहे. म्हणजे ते सकाळचे किंवा ढगाळ दिवसाचे असावे. त्यामागे तांबडे आकाश बसवले तर कड्यावर तांबडा प्रकाश का नाही, याचे उत्तर चित्रातच मिळत नाही. कडाही तांबूस करता येईल, पण मग त्याच्या भेगांतील सावल्यांची दिशा बदलावी लागेल, आणि तेथवर पोहोचल्यावर मूळ छायाचित्रापैकी फारसे काही शिल्लक राहणार नाही.

डार्करूमचा दाखला आपण दिला आहे तो खरा आहे, फक्त तो पूर्ण पाहावा. ॲन्सेल ॲडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या गावाचे चंद्रोदयाचे जे छायाचित्र घेतले, त्याचे प्रिंट ते पुढची काही दशके करत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरेच उजळ असून त्यात फिके ढग दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते काळेभोर होत गेले. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रियाही केली, कारण पुढची जमीन आणि थडगी निगेटिव्हवर फार फिकी उमटली होती. जुने छायाचित्र नव्या कौशल्याने पुन्हा करण्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण क्वचित सापडेल. परंतु चंद्र, ढग आणि गाव तेच राहिले. सिएरा नेवाडा पर्वताच्या त्यांच्या १९४४ मधील हिवाळी सूर्योदयाच्या छायाचित्रात मात्र टेकडीवर शाळकरी मुलांनी रंगवलेली दोन मोठी अक्षरे होती आणि ती त्यांनी काढून टाकली. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. तेव्हा थोरांनीही केले हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चालतो.

आमचे मत असे आहे. उजळी, गडदपणा, रंग आणि चौकट यांत आपल्याला हवी तेवढी मोकळीक घ्यावी, कारण त्या बाबतींत कॅमेऱ्याने घेतलेला पहिला निर्णयही एक निर्णयच होता. वस्तू, आकाश आणि प्रहर बदलायचा असेल तर भिंतीवर लावण्यासाठी खुशाल बदलावा, पण ते छायाचित्राखाली लिहावे. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचावेत. निसर्गविषयक स्पर्धांत अंतिम फेरीसाठी मूळ रॉ फाइल मागण्याची पद्धत आहे. आणि पांढऱ्या आकाशाला दुसराही उपाय आहे, तो म्हणजे ते कापणे. कोकणकड्याची वक्ररेषा आणि खाली उतरणारे धुके एवढेच चौकटीत ठेवले तर आकाशाची उणीव कोणाला जाणवणारही नाही.

तेथे धुक्यात इंद्रवज्र (आपल्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वर्तुळ) दिसलेले छायाचित्र कोणाकडे असेल तर त्यांच्यासाठी एक सूचना येथेच. त्या वर्तुळात तांबडा बाहेर आणि निळा आत असतो आणि रंग मुळातच फिके असतात. व्हायब्रन्स (फिक्या रंगांना उठाव देणारा स्लायडर) किंचित वाढवून थांबावे. सॅच्युरेशनने कडा फाटतात.

प्रश्न : जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हाची माझी छायाचित्रे आहेत. काहींत पाणी गुलाबी दिसते, काहींत तपकिरी. खरा रंग कसा ठरवावा?
— एक वाचक, बुलढाणा

उत्तर : पाण्याकडे पाहून ठरवू नये. चौकटीचा मोठा भाग एकाच रंगाचा असला की ऑटो व्हाइट बॅलन्स तो रंग मारण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे पाणी जितके जास्त टिपले गेले तितके ते तपकिरी उमटले असण्याचा संभव आहे. काठावरचे खडक, मंदिराचे दगड किंवा ढग यांवरून एका छायाचित्राचा व्हाइट बॅलन्स निश्चित करावा आणि त्याच वेळी, त्याच प्रकाशात काढलेल्या सर्व छायाचित्रांना तोच आकडा द्यावा. पाण्याचा रंग मग जो येईल तो येऊ द्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग क्षारप्रेमी हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले होते, आणि आपली छायाचित्रे त्या घटनेची नोंद आहेत. गुलाबी रंग एका युनिटनेही वाढवू नये.

प्रश्न : ८ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या जुन्या छायाचित्राचा, नव्याने संस्करण केल्यावर, किती मोठा प्रिंट निघेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ३४५६ गुणिले २३०४ पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे साडेअकरा गुणिले पावणेआठ इंच होते आणि २०० वर सतरा गुणिले साडेअकरा. भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून पाहायच्या प्रिंटला २०० चालतात. त्याहून मोठे हवे असेल तर ॲडोबीचे सुपर रिझोल्युशन, जे २०२१ मध्ये आले, दोन्ही बाजू दुप्पट करते. रॉ फाइलवर आणि शार्पनिंगच्या आधी वापरल्यास खडक व तट चांगले येतात, दूरची झाडी मात्र थोडी चित्रासारखी दिसते. शार्पनिंग प्रिंटच्या अंतिम आकारावर करावे. लॅबने दुसरे काही सांगितले नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगव्यवस्थेत द्यावी. मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर एक लहान चाचणी घ्यावी, आणि ती पडद्यापेक्षा काळपट आली तर फाइल बदलण्याआधी पडद्याची उजळी कमी करून पाहावी.